माशांची नवी टाकी मुरली की नाही?

१९५१ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, आणि त्या काचांना नाक लावून रंगीबेरंगी मासे पाहिलेल्या मुलांच्या कित्येक पिढ्या महाराष्ट्रात होऊन गेल्या. शोभेचे मासे पाहण्याची ती हौस आता घरोघर आली आहे. मुलाचा वाढदिवस आला, परीक्षेचा निकाल चांगला लागला किंवा नव्या घराची वास्तुशांत झाली, की दोन फूट लांबीची एक काचेची टाकी विकत आणली जाते. तिच्याबरोबर रंगीत खडी येते, हवेचे बुडबुडे सोडणारा पंप येतो, एखादा प्लॅस्टिकचा किल्ला येतो. आणि त्याच दिवशी, त्याच रिक्षातून, हवा भरून फुगवलेल्या पिशवीत पाच-दहा मासेही येतात. संध्याकाळी टाकीतला दिवा लावला म्हणजे ते दृश्य मोठे रमणीय दिसते.

पुढे काय होते हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. कुणी तळाशी मलूल पडून राहतो, कुणाचे पंख अंगाला चिकटल्यासारखे दिसतात. आठवडा उलटण्याच्या आत एक जातो, मग दुसरा जातो. मग घरात चर्चा सुरू होते. दुकानदाराने रोगट मासे दिले, असे एकाचे मत पडते. नळाचे पाणीच वाईट, असे दुसरा म्हणतो. घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती सांगते, की घरावर येणारी बला माशाने आपल्या अंगावर घेतली. ह्या समजुतीत माशाविषयी कृतज्ञता आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिच्यामुळे चौकशी तेथेच थांबते. पुन्हा नवे मासे आणले जातात आणि पुष्कळदा तेही त्याच वाटेने जातात. ज्या मुलासाठी हा सारा खटाटोप केला, त्याच्या मनावर मात नकळत एक धडा कोरला जातो, की मासे म्हणजे मरावयाचेच! हा धडा खोटा आहे, आणि तो मुलांना मिळू नये असे मला वाटते.

खरी गोष्ट अशी, की अशा बहुतेक वेळी मासे धडधाकट असतात आणि पाणी पिण्यासही योग्य असते. उणीव असते ती टाकीत. ती टाकी माशांसाठी अद्याप सिद्ध झालेली नसते. लोणचे घातल्याबरोबर कोणी ताटात वाढीत नाही. ते मुरावे लागते. टाकीचेही तसेच आहे. ती मुरली किंवा नाही हे ओळखावयाचे कसे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे, की माशाला त्रास होतो तो कशाचा. मासा खातो, त्याच्या शरीरात अन्नातील प्रथिनांचे विघटन होते, आणि त्यातून अमोनिया हा पदार्थ तयार होतो. आपल्या शरीरात अमोनियाचे रूपांतर युरियात होऊन तो मूत्रावाटे बाहेर पडतो. मासा मात्र बहुतांश अमोनिया कल्ल्यांवाटे सरळ पाण्यात सोडून देतो. नदीत किंवा तलावात तो हां हां म्हणता विरून जातो. पण साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि तीस उंच अशा टाकीत काठोकाठ भरले तरी ५४ लिटर पाणी मावते. वरचा मोकळा भाग आणि तळाची खडी वगळली तर प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास उरते. ज्या पाण्यात श्वास घ्यावयाचा, त्याच पाण्यात हा अमोनिया साठत जातो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात आणखी भर पडते. माशांचे कल्ले त्याने भाजल्यासारखे होतात, आणि पाण्यात प्राणवायू असूनही त्यांना तो नीट घेता येत नाही.

आणि हा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही! त्याचे प्रमाण घातक झाले तरी पाणी स्फटिकासारखे नितळ दिसू शकते. म्हणून निवळलेले पाणी आणि सिद्ध झालेले पाणी ह्या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मग जुन्या टाक्यांत मासे वर्षानुवर्षे जगतात ते कसे? ह्याचे उत्तर मिळण्यास बराच काळ लागला, आणि त्यात एका पिता-पुत्रांच्या जोडीचा वाटा आहे. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका भांड्यात त्याने दोन लहान सोनमासे व व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीची पाने कुजून पाणी बिघडू लागले, तेव्हा त्याने त्यात गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाऊन टाकली आणि पाणी पुन्हा ठीक झाले. वनस्पतीने प्राणवायू द्यावा, माशाने तो घ्यावा आणि गोगलगाईने झाडलोट करावी, असा समतोल त्याने दाखवून दिला. घरगुती मत्स्यपालनाचा हा एक पाया मानला जातो. परंतु भांड्याच्या भिंतींवर आणि तळाच्या खडीवर राहणारा चौथा भाडेकरू त्याला दिसला नव्हता.

तो चौथा भाडेकरू म्हणजे जंतू. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लेझिंग व म्युंट्झ ह्या दोघांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या एका नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. पहिले वीस दिवस वरून गेलेला अमोनिया खालून जसाच्या तसा बाहेर आला. त्यानंतर मात्र तो नाहीसा होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट मिळू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच हे कार्य थांबले. पुढे बागेतील मातीचे थोडे धुवण घालताच ते पुन्हा सुरू झाले. अर्थ स्पष्ट होता. हे काम वाळूचे नव्हते, वाळूवर वस्ती करणाऱ्या सजीवांचे होते. पहिल्या वॉरिंग्टनच्या मुलाने, त्याचेही नाव रॉबर्टच होते, इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात ह्या शोधाचा पाठपुरावा केला आणि हे रूपांतर दोन पायऱ्यांनी होते असे दाखविले. हे जंतू वेगळे काढण्यात त्याला यश आले नाही. ते काम १८९० साली विनोग्राड्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञाने केले. बापाच्या काचपात्रात जे अदृश्य राहिले होते, त्याचा माग मुलाने शेताच्या मातीत काढला, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या दोन पायऱ्या आपणांस पक्क्या ठाऊक असल्या पाहिजेत, कारण टाकीची सारी परीक्षा त्यांवर अवलंबून आहे. पहिल्या पायरीवर एका जातीचे जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात. दुसऱ्या पायरीवर निराळे जंतू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइट व नायट्रेट ही नावे जुळ्या भावंडांसारखी असली तरी स्वभाव भिन्न आहेत. नायट्राइट रक्तात शिरले की रक्तातील लाल द्रव्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. रक्त तपकिरी पडते आणि मासा भर पाण्यात गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच निरुपद्रवी आहे. ते हळूहळू साठते, काही वनस्पती शोषून घेतात, आणि उरलेले दर आठवड्याला थोडे पाणी बदलून काढून टाकता येते. ह्या जंतूंविषयीचे ज्ञान अजूनही वाढत आहे. टाक्यांतील दुसऱ्या पायरीचे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा नावाचे जंतू करतात हे १९९८ साली पुढे आले. आणि ह्या वर्गातील काही जंतू दोन्ही पायऱ्या एकट्याने चढू शकतात, हे २०१५ साली युरोपातील दोन संशोधकगटांनी सिद्ध केले. त्यांपैकी एका गटाला असे जंतू मत्स्यपालनाच्या गाळणीतच सापडले होते.

तेव्हा टाकी मुरणे म्हणजे ह्या जंतूंची पुरेशी वस्ती टाकीत होणे. ती वस्ती मोकळ्या पाण्यात फारशी नसते. ती असते खडीवर, काचेवर, आणि विशेषेकरून गाळणीच्या स्पंजावर, जेथे पाणी व हवा सतत खेळत असते. हे जंतू फार सावकाश वाढतात. दूध नासविणारे जंतू काही तासांत आपला प्रताप दाखवितात; ह्यांची संख्या दुप्पट होण्यास मात्र अनेक तास, कधी एक दिवसही लागतो. म्हणून कोऱ्या टाकीला सामान्यतः चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. पण दुधाला विरजण लावल्याने दही लवकर लागते, तसेच ओळखीच्या घरातील जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर खडी आपल्या टाकीत घातली तर हा काळ पुष्कळ कमी होतो. ज्या टाकीत नुकताच रोग होऊन गेला असेल, तिचे विरजण मात्र घेऊ नये. दुकानात जंतूंच्या बाटल्याही मिळतात. त्यांतील काही उपयोगी पडतात, काही पडत नाहीत. बाटलीवरच्या शब्दांवर न जाता परीक्षेवर जावे, हे उत्तम.

आता आपल्या पाण्याकडे वळू. गंडीपेटचे पाणी ज्याने एकदा चाखले तो हैदराबाद सोडून जात नाही, अशी येथे जुनी म्हण आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला, त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या योजनेनुसार उस्मानसागर व हिमायतसागर हे दोन जलाशय बांधले गेले. पहिला १९२० साली पुरा झाला, दुसरा १९२७ साली. ह्यांतील उस्मानसागर म्हणजेच गंडीपेट. पुढे शहर वाढले तसे मांजरेचे पाणी आले, २००४ पासून कृष्णेचे आणि २०१५ पासून गोदावरीचे आले. ह्या तिन्ही नद्यांचा उगम महाराष्ट्रातला, ही आम्हां येथल्या मराठी माणसांना सुखावणारी गोष्ट! परंतु मासे पाळणाराने त्यातून घ्यावयाचा बोध वेगळा आहे. काचीगुड्याच्या नळाला येणारे पाणी, कुकटपल्लीच्या एखाद्या इमारतीत येणारे टँकरचे पाणी आणि घरामागच्या बोअरचे पाणी ही एकसारखी नसतात. शेजाऱ्याला जे पाणी मानवले ते आपल्याला मानवेलच असे नाही. टाकी भरण्यापूर्वी आपल्या पाण्याची एकदा तपासणी करून ती वहीत लिहून ठेवावी.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. आपल्याकडील मानकाप्रमाणे तो घरी पोचेपर्यंत लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम उरलेला असावा लागतो. माणसाचे त्यामुळे रोगांपासून रक्षण होते. पण ज्या जंतूंना आपण बोलावीत आहोत त्यांचाही तो शत्रू आहे, आणि माशांच्या कल्ल्यांनाही तो सोसत नाही. पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून त्यात हवा सोडली तर साधा क्लोरीन उडून जातो. पाणी क्लोरामाइनने शुद्ध केलेले असेल तर मात्र एवढ्याने भागत नाही. तेथे दुकानात मिळणारे क्लोरीननाशक थेंब वापरावे लागतात, आणि खात्री नसेल तेव्हा ते वापरणेच शहाणपणाचे. बोअरच्या पाण्यात क्लोरीन सहसा नसतो, पण आपल्या ह्या ग्रॅनाइटच्या प्रदेशात ते बहुधा जड असते व त्यात नायट्रेट आधीपासूनच आढळू शकते.

पाण्याचा सामू, म्हणजे ज्याला आपण पी.एच. म्हणतो, तोही पाहिला पाहिजे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. त्यांपैकी एक फार विषारी, दुसरे बरेच सौम्य. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर विषारी भाग शेकडा एकाहूनही कमी असतो. सामू ८ झाला की तोच शेकडा पाचांच्या वर जातो. पाणी तापले की हा भाग आणखी वाढतो. शिवाय २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तो ३० अंशांना साडेसातांवर येतो. हैदराबादच्या वैशाखात नवी टाकी मांडणाराने हे दुहेरी संकट ओळखून राहावे.

आता प्रत्यक्ष कृती. टाकी सपाट व भक्कम टेबलावर, खिडकीतले ऊन थेट पडणार नाही अशा जागी ठेवावी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. टाकी, खडी व पाणी मिळून साठ-सत्तर किलोंचा भार सहज होतो. खाली वर्तमानपत्राचा कागद पसरून टाकी साध्या पाण्याने भरावी आणि एक-दोन दिवस तशीच ठेवावी. कागद कोरडा राहिला तर सांधे पक्के आहेत असे समजावे. काचा जोडणाऱ्या नव्या सिलिकोनला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर तो पूर्ण जाईपर्यंत थांबावे. खडी नुसत्या पाण्याने धुवावी. साबण लावू नये. त्यानंतर क्लोरीन काढलेले पाणी भरून गाळणी व हवेचा पंप चालू करावा, आणि तो रात्रंदिवस चालू ठेवावा. वीज फार वेळ गेली तर हवेवाचून जंतूही मरू लागतात.

ह्यानंतर मासे आणावयाचे नाहीत! जंतूंना खाद्य द्यावयाचे आहे, आणि त्यांचे खाद्य अमोनिया. तो आणावयाचा कोठून? आपल्याला नवसागर माहीत आहे; कल्हईवाला भांड्यावर टाकतो तो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईचा नवसागर शुद्ध असेलच असे नाही, म्हणून रसायनांच्या दुकानातील शुद्ध नवसागर घ्यावा. एक लिटर पाण्यात सहा ग्रॅम नवसागर विरघळवून बाटली भरून ठेवावी व तिच्यावर ठळक चिठ्ठी लावून ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. टाकीत जितके लिटर पाणी असेल तितके मिलिलिटर हे द्रावण घातले, की अमोनियाचे प्रमाण लिटरमागे सुमारे दोन मिलिग्रॅम होते. आपणांस हवे ते एवढेच.

तपासणीसाठी थेंबांचे संच शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतात. काचनळीत टाकीचे थोडे पाणी घ्यावे, सांगितलेले थेंब टाकावे, आणि ठरलेली मिनिटे थांबून रंग तक्त्याशी ताडून पाहावा. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि सामू ह्या चारही तपासण्या लागतात. एक वही करून दिवसाआड नोंद ठेवावी. घरात शाळकरी मूल असेल तर हे काम त्याच्याकडेच द्यावे. त्या वहीत एक मोठी मनोरंजक कथा उलगडत जाते. आरंभी अमोनिया दोनांवर स्थिर असतो आणि नायट्राइट शून्य. काही दिवसांनी, बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, अमोनिया उतरू लागतो व नायट्राइटचा रंग गडद होत जातो; म्हणजे पहिल्या पायरीचे जंतू कामाला लागले. अमोनिया शून्यापाशी आला की पुन्हा द्रावण घालावे. नायट्राइट फारच चढले तर मात्रा निम्मी करावी. आणखी काही दिवस हा चढ तसाच राहतो, आणि येथेच माणसाचा धीर सुटतो. मग एके दिवशी नायट्राइट झपाट्याने खाली येते व नायट्रेट वाढलेले दिसते. दुसऱ्या पायरीचे जंतूही हजर झाले! मध्येच सारे काम थंडावले तर सामू पाहावा. ह्या क्रियेत पाणी आम्ल होत जाते, आणि सामू फार उतरला की जंतू सुस्तावतात. अशा वेळी थोडे पाणी बदलावे.

येथे काही फसव्या खुणांविषयी सांगितले पाहिजे. पहिल्या आठवड्यात पाणी दुधट होते आणि मग आपोआप निवळते. हे दुसऱ्याच जंतूंचे काम. त्यावरून टाकी मुरली असे ठरत नाही आणि बिघडली असेही ठरत नाही. काचेवर हिरवट-तपकिरी शेवाळ धरले म्हणजेही परीक्षा उतरली असे नव्हे. टाकी नुसती पंधरा दिवस चालू ठेवली, तिला खाद्य मात्र काहीच दिले नाही, तर जंतूंची वस्ती होणार कशावर? अशा टाकीत अमोनिया शून्यच दिसतो आणि माणूस फसतो. वर्गात मुलेच नसतील तर शांतता असणारच. तिच्यावरून शिक्षकाचा वचक सिद्ध होत नाही. टाकीला काम देऊन मग ती ते निभावते की नाही, हे पाहिले पाहिजे.

खरी कसोटी म्हणून अशी आहे. संध्याकाळी टाकीत अमोनिया लिटरमागे दोन मिलिग्रॅम होईल एवढे द्रावण घालावे. बरोबर चोवीस तासांनी तपासणी करावी. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट वाढलेले, असे उत्तर आले तर टाकी पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. दोहोंपैकी एकाचाही रंग थोडा जरी उमटला, तरी थांबावे. लागोपाठ दोन-तीन दिवस हेच उत्तर आले म्हणजे टाकी मुरली, असे निःशंक म्हणावे.

माझ्या वर्गातील एका मुलीने एकदा विचारले होते, "टीचर, एक स्वस्तातला मासा आधी सोडून पाहिला तर पाणी बरोबर आहे की नाही ते लगेच कळेल ना?" प्रश्न भाबडा नव्हता, पुष्कळ ठिकाणी हीच रीत चालत आली आहे. मी तिला म्हटले, की तसे कळेल खरे, पण ते सांगण्यासाठी माशाला गुदमरावे लागेल; आणि तेच उत्तर थेंबांनी रंगातून मिळत असेल, तर ते माशाकडून का घ्यावे? ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग थेंबांची किंमत विचारू लागली. तेवढे पुरे होते.

टाकी उत्तीर्ण झाल्यावर अर्धे किंवा त्याहून अधिक पाणी बदलावे, म्हणजे साठलेले नायट्रेट कमी होईल. नवे पाणी अर्थातच क्लोरीन काढलेले व त्याच तापमानाचे असावे. मग एक-दोन दिवसांत मासे आणावे; फार दिवस टाकी रिकामी ठेवली तर जंतूंची उपासमार होते. एकदम गर्दी करू नये. येथील जड पाण्यात गप्पी व मोली चांगले रमतात. आपल्याच देशातला झेब्रा मासाही काटक आहे, आणि ह्याच शहरातील सी.सी.एम.बी. ह्या संस्थेत त्याच्यावर संशोधन चालते. असे चार-सहा लहान मासे आरंभी पुरेत. सोनमासा मोठा होतो आणि घाणही पुष्कळ करतो. तो एवढ्या टाकीत नको, आणि गोल काचेच्या वाडग्यात तर मुळीच नको. माशांची बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग तीत टाकीचे पाणी थोडे थोडे घालावे, आणि शेवटी मासे जाळीने उचलून टाकीत सोडावे. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. पुढे दोन आठवडे तपासणी चालू ठेवावी. गाळणीचा स्पंज मळला तर तो नळाखाली कधीही धुवू नये. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा. नळाच्या क्लोरीनने महिन्याभराची वस्ती काही मिनिटांत उद्ध्वस्त होऊ शकते.

आज हे भाषण ऐकणाऱ्यांपैकी काहींच्या घरी नवी टाकी आधीच मांडलेली असेल आणि तीत मासेही सोडलेले असतील. त्यांनी निराश होऊ नये. खाद्य अगदी कमी करावे. एखादा दिवस उपास घडला तरी मासा मरत नाही. अमोनिया व नायट्राइट रोज तपासावे, आणि रंग दिसताच टाकीचे पाव ते तृतीयांश पाणी बदलावे. नायट्राइट चढले असेल तर लिटरला एक ग्रॅमच्या बेताने मीठ विरघळवून घातल्यास ते माशाच्या रक्तात शिरण्यास अडथळा होतो. जुन्या टाकीतला स्पंज मिळाला तर तो आणावा. आणि तोवर नवे मासे, कितीही सुंदर दिसले तरी, आणू नयेत.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी आपल्याकडे म्हण आहे. माशांच्या बाबतीत मात्र उतावळेपणा आपला आणि भोग माशांचा, असे होते. मासा पाण्याबाहेर ओरडू शकत नाही आणि पाण्यातही ओरडू शकत नाही. त्याची तक्रार आपल्याला ऐकू येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. महिनाभर रिकाम्या टाकीसमोर बसून रंगांच्या नोंदी करणाऱ्या मुलाला सुरुवातीला कंटाळा येईल, हे खरे. पण त्या वहीच्या शेवटच्या पानावर लागोपाठ तीन दिवस शून्य लिहून ज्या दिवशी ते आपल्या हातांनी मासे सोडील, त्या दिवशी ते मासे का जगणार आहेत हे त्याला ठाऊक असेल. दुकानातून टाकी आणताना मासे त्याच रिक्षातून आणू नयेत, एवढी विनंती करून हे भाषण पुरे करणे योग्य होईल.